रेघोटी, इवल्या आणि महालातलं शेवटचं भोक

एका टेकडीवर एक महाल होता. होता कसला, नुसता होतच होता! बांधून संपतच नव्हता.

पहिला मजला बांधला पणजोबाराजाने.
दुसरा मजला बांधला आजोबाराजाने.
तिसरा मजला बांधला बाबाराजाने.
आणि चौथा मजला बांधत होता आत्ताचा राजा. त्याला फार घाई. फार म्हणजे फारच घाई.

भिंत उंच झाली की गवंड्याचा हात पोचत नाही. मग काय करायचं? भिंतीत भोकं ठेवायची. भोकांत बांबू खुपसायचे. बांबूंवर फळ्या टाकायच्या. फळ्यांवर उभं राहायचं आणि भिंत बांधायची. काम झालं की बांबू काढायचे. भोकात दगड बसवायचा. वरून चुना फासायचा. झालं! भोक गायब!

पण अगदी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाच्या भोकात कोण राहत होतं, माहीत आहे?

एक खार. बांबू निघाला तशी ती आत राहायला आली. कापूस अंथरला. मऊ मऊ घर केलं. तिची दोन पिल्लं होती. मोठी रेघोटी आणि धाकटा इवल्या. रेघोटी एवढीशी. इवल्या तर त्याहून एवढासा.

एक दिवस आई शेंगा आणायला लांब गेली. जाताना म्हणाली, "रेघोटी, भावाकडे लक्ष ठेव हं."

"हो आई," रेघोटी म्हणाली.

आई गेली. इवल्या म्हणाला, "ताई, भूक!"

खाली केरबा गवंडी जेवत होता. त्याच्या भाकरीचा एक तुकडा खाली पडला. रेघोटीने तो वरून बघितला.

"इवल्या, हलू नको. आत्ता आले."

सुर्र सुर्र. रेघोटी भिंतीवरून खाली आली. तुकडा उचलला. काखेत धरला. आता वर जाणार, तेवढ्यात भू! समोर कुत्रा! रेघोटी गवतात लपली. कुत्रा जाईना. रेघोटी हलेना. कुत्र्याने अंग खाजवलं. जांभई दिली. मग कितीतरी वेळाने गेला एकदाचा.

सुर्र सुर्र. रेघोटी वर आली.

आणि भोक कुठाय?

भोक नव्हतं! होता एक दगड. दगडावर पांढरा पांढरा ओला चुना.

रेघोटीने भिंतीला कान लावला. आतून आवाज आला.

"चिक् चिक् चिक्! ताई, अंधार आहे! मला भीती वाटते!"

तिलाही भीती वाटली. खूप भीती वाटली. तिने चुना ओरबाडला. दगड हलेना. तिने दगड ढकलला. दगड हलेना.

"इवल्या, घाबरू नको. मी कुणाला तरी आणते!"

तुरुतुरु तुरुतुरु. काखेत भाकरी. पोटात भीती.

खाली केरबा गवंडी चुन्याचे हात धूत होता. रेघोटी म्हणाली,

"गवंडीदादा, गवंडीदादा, ऐक ना रे!
इवल्या बाहेर येईना.
चुना वाळतो भराभरा,
अंग माझं थरथरा!"

केरबाच्या हातातला तांब्याच पडला. ठण्ण!

"अगं बया! आत पोर हाय व्हय? मुकादम लई घाई करत हुता गं. मी आत बघितलंच न्हाई!"

"मग काढ ना दगड!"

"काढला असता. पर वर चढायला शिडी पायजे. शिडी मुकादमाकडं. आन त्या मुकादमाचं मला लई भ्या वाटतं. मुकादम शिडी दील, तर मी दगूड काढीन. आन पोरी, बिगी बिगी जा. दिस बुडायच्या आत चुना वाळंल. वाळला की दगूड न्हाई निघायचा."

बघा तरी! केरबाचे हात केवढे, दंड केवढे. दगड उचलतो आणि मुकादमाला घाबरतो!

रेघोटीने भिंतीला कान लावला.

"चिक् चिक् चिक्! ताई, लवकर!"

तुरुतुरु तुरुतुरु. काखेत भाकरी. पोटात भीती.

दारात सटवाजी मुकादम उभा होता. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या, की रेघोटीला त्या दोन शेपट्याच वाटल्या. रेघोटी म्हणाली,

"मुकादमकाका, मुकादमकाका, ऐका ना हो!
गवंडी दगड काढीना,
इवल्या बाहेर येईना.
चुना वाळतो भराभरा,
अंग माझं थरथरा!"

मुकादम ओरडला, "काय गं ए! दगूड काढाया शिडी पायजे? शिडी बांधून ठिवली. काम खलास!"

रेघोटी थरथर कापली. पण पळाली नाही. तिथेच उभी राहिली.

मग मुकादम खाली वाकला. हळूच बोलला. "हे बघ बाय. कारभाऱ्यांनी सांगितलंय, आज एक बी दगूड हलवायचा न्हाई. त्यांनी हाकलून लावलं म्हंजे? मला बी भ्या वाटतंच की. कारभारी हुकूम लिहितील, तर मी शिडी दीन."

मिशा एवढ्या मोठ्या, आणि हा पण घाबरला!

रेघोटीने भिंतीला कान लावला.

"चिक् चिक्. ताई..."

आवाज लहान झाला होता.

तुरुतुरु तुरुतुरु. काखेत भाकरी. पोटात भीती.

पहिल्या मजल्यावर त्रिंबकपंत कारभारी बसले होते. कानावर बोरू, बोटांना शाई. रेघोटी म्हणाली,

"कारभारीबाबा, कारभारीबाबा, ऐका ना हो!
मुकादम शिडी देईना,
गवंडी दगड काढीना,
इवल्या बाहेर येईना.
चुना वाळतो भराभरा,
अंग माझं थरथरा!"

"छे छे छे!" कारभारी म्हणाले. "उद्या वास्तुशांत आहे. गावजेवण आहे. महाल पूर्ण झाला, सगळी भोकं बुजली, असं मी सकाळीच लिहून टाकलंय!"

"पण आत इवल्या आहे!"

कारभाऱ्यांनी बोरू खाली ठेवला. "अगं, मला का कळत नाही? पण महाराज रागावले तर? राणीसाहेबांनी महाराजांकडे शब्द टाकला, तर मी हुकूम लिहीन."

झालं! हा पण घाबरला!

रेघोटीने भिंतीला कान लावला.

"चिक्."

एकदाच. फक्त एकदाच.

तुरुतुरु तुरुतुरु. काखेत भाकरी. पोटात भीती.

दुसऱ्या मजल्यावर राणीसाहेब होत्या. उद्यासाठी हार करत होत्या. रेघोटी म्हणाली,

"राणीसाहेब, राणीसाहेब, ऐका ना हो!
कारभारी हुकूम लिहीना,
मुकादम शिडी देईना,
गवंडी दगड काढीना,
इवल्या बाहेर येईना.
चुना वाळतो भराभरा,
अंग माझं थरथरा!"

राणीसाहेबांचे डोळे भरून आले. "अगं बाई गं! एवढंसं लेकरू, आणि भिंतीत?"

"मग सांगा ना महाराजांना!"

"सांगितलं असतं गं बाळ. पण महाराज सकाळपासून कुणाशी बोलत नाहीत. नुसते वर बघत बसलेत. मला त्यांच्यासमोर जायचीच भीती वाटते. महाराजांनी मान हलवली, तर मी शब्द टाकीन."

म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर! पण भीती वाटली की मोठी माणसं असंच काहीतरी बोलतात.

रेघोटीने भिंतीला कान लावला.

आतून कुणी बोललं नाही. फक्त काहीतरी हललं. खस्स.

तुरुतुरु तुरुतुरु. काखेत भाकरी. पोटात भीती.

तिसऱ्या मजल्यावर राजा बसला होता. डोक्यावर जरीची पगडी. गळ्यात मोत्यांची माळ. आणि नजर कुठे? वर. छताकडे. रेघोटी म्हणाली,

"महाराज, महाराज, ऐका ना हो!
राणी शब्द टाकीना,
कारभारी हुकूम लिहीना,
मुकादम शिडी देईना,
गवंडी दगड काढीना,
इवल्या बाहेर येईना.
चुना वाळतो भराभरा,
अंग माझं थरथरा!"

राजा ताडकन उठला. "दगड काढायचा? लागलेला दगड? नाही! नाही! नाही!"

"का नाही?"

राजाने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग रेघोटीच्या कानात बोलला. "महाल पडेल."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनी. लागलेला दगड हलवू नये. हलवला तर महाल पडतो. धडाम!"

"बाबांना कुणी सांगितलं?"

"आजोबांनी."

"आजोबांना कुणी सांगितलं?"

"पणजोबांनी."

"आणि पणजोबांना?"

"पायाच्या दगडाने," राजा म्हणाला. त्याच्या गळ्यातली माळ कापत होती. टिकटिक टिकटिक. "तो खाली आहे. तळघरात. पायाचा दगड हो म्हणेल, तर मी मान हलवीन."

"मग विचारा ना त्याला!"

"मी?" राजा म्हणाला. "तळघरात? अंधारात?"

घ्या! सगळ्यांत मोठा राजा, आणि सगळ्यांत मोठी भीती त्यालाच!

रेघोटीने भिंतीला कान लावला.

काहीच नाही.

"इवल्या?"

काहीच नाही.

रेघोटीला रडू आलं. आई म्हणाली होती, भावाकडे लक्ष ठेव. उन्हं तर खिडकीत तिरपी झाली होती. चुना वाळत होता. भराभरा वाळत होता.

रेघोटीने डोळे पुसले. भाकरी घट्ट धरली. आणि धावली.

तुरुतुरु तुरुतुरु. बाबाराजाचा मजला गेला.
तुरुतुरु तुरुतुरु. आजोबाराजाचा मजला गेला.
तुरुतुरु तुरुतुरु. पणजोबाराजाचा मजला गेला.

आता पायऱ्या खाली खाली गेल्या. उजेड संपला. गार गार लागलं. कुठेतरी पाणी पडत होतं. टप्. टप्. टप्. रेघोटीला स्वतःचे पाय दिसेनात. तिला वाटलं, परत जावं. पण मग वाटलं, इवल्यालाही असंच दिसत असेल. असाच अंधार. तोही एकटाच.

ती पुढे गेली.

टक्कन तिचं नाक कशालातरी आपटलं. मोठ्ठं. गार. खरखरीत.

"को...ण?"

आवाज इतका खोल होता, की रेघोटीच्या पोटात गुदगुल्या झाल्या. तो पायाचा दगड होता. रेघोटी कापत कापत म्हणाली,

"दगडआजोबा, दगडआजोबा, ऐका ना हो!
राजा मान हलवीना,
राणी शब्द टाकीना,
कारभारी हुकूम लिहीना,
मुकादम शिडी देईना,
गवंडी दगड काढीना,
इवल्या बाहेर येईना.
चुना वाळतो भराभरा,
अंग माझं थरथरा!"

पाणी पडलं. टप्. टप्.

मग दगड म्हणाला, "हे सगळे का घाबरतात?"

"तुम्ही म्हणालात ना, लागलेला दगड हलवू नये. नाहीतर महाल पडेल. धडाम!"

"मी? असं मी कधी म्हणालो?" दगड म्हणाला. "इतकी वर्षं झाली. मला कुणी विचारायलाच आलं नाही. तू पहिली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सांगतो. पणजोबाराजाच्या गवंड्याने मला उचललं. इथे ठेवायला आणलं. तेव्हा इथे एक खड्डा होता. मी म्हणालो, थांब. आधी ठोक. मग हाक मार. मग वाट बघ. कुणी नसेल तर मला ठेव. ठेवल्यावर मात्र उगीच हलवू नको. तेव्हा गवंड्याने तीनदा ठोकलं. ठक ठक ठक! आत कुणी असेल तर बाहेर या! आणि कोण आलं माहीत आहे? एक बेडकी. टुणुक टुणुक बाहेर आली, टुणुक टुणुक निघून गेली. मग मी बसलो."

"आणि मग?"

"मग पहिला मजला झाला. भोक बुजवताना दर वेळी तीनदा ठोकायचे. ठक ठक ठक. दुसरा मजला आला. आजोबाराजाला थोडी घाई होती. दोनदाच ठोकायचे. ठक ठक. तिसरा मजला आला. बाबाराजाला जास्त घाई. एकदाच. ठक."

"आणि चौथा मजला?" रेघोटीने विचारलं. पण तिला उत्तर माहीत होतं.

"एकदाही नाही," दगड म्हणाला. "ठोकायचं विसरले. हाक मारायचं विसरले. वाट बघायचं विसरले. शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं, हलवू नको, हलवू नको! अगं, मी चार मजले धरलेत. एका खारीच्या भोकाने मी पडतो की काय? पण भिंतीत कुणी रडत असलं, तर मात्र मला झोप येत नाही."

"मग तुम्ही हो म्हणा ना!"

"म्हणतो. कान झाक."

रेघोटीने कान झाकले.

ठक!
ठक!
ठक!

आवाज पहिल्या मजल्यावर गेला. कारभाऱ्यांची शाई सांडली. आवाज दुसऱ्या मजल्यावर गेला. राणीसाहेबांचा हार सुटला. आवाज तिसऱ्या मजल्यावर गेला. राजाची पगडी डोळ्यांवर आली. राजाने डोकं धरलं. डोळे घट्ट मिटले. आता पडणार महाल! आता पडणार! धडाम!

पण महाल पडला नाही.

राजाने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. महाल होता तिथेच होता. आणि राजाला एकदम आठवलं. तो अगदी लहान होता. आजोबांच्या मांडीवर बसायचा. समोर भिंतीचं काम चालायचं. तेव्हा असाच आवाज यायचा. ठक ठक.

राजाने मान हलवली. अशी जोरात हलवली, की पगडी पडलीच.

मग काय! राजाने मान हलवली, राणीने शब्द टाकला.
राणीने शब्द टाकला, कारभाऱ्याने हुकूम लिहिला.
कारभाऱ्याने हुकूम लिहिला, मुकादमाने शिडी दिली.
मुकादमाने शिडी दिली, गवंडी सरसर सरसर वर चढला.

त्याच्याही पुढे सुर्र सुर्र कोण चढलं? रेघोटी! काखेत भाकरी. पोटात भीती.

सूर्य पलीकडच्या टेकडीला टेकला होता. केरबाने चुन्याला बोट लावलं.

"लई घट्ट झालाय गं," तो म्हणाला. त्याने छिन्नी लावली. हातोडी उचलली.

"थांब!" रेघोटी ओरडली. "आधी ठोक!"

केरबा थांबला. त्याने हातोडी खाली घेतली. बोट वाकवलं. हळूच दगडावर ठोकलं.

ठक ठक ठक.

"बाळा, आत हायस का रं? मागं सर. मी दगूड काढतुया."

मग वाट बघितली. केरबाने वाट बघितली. खाली मुकादमाने वाट बघितली. कारभाऱ्यांनी बघितली. राणीसाहेबांनी बघितली. पगडीशिवाय राजाने बघितली. कुणी हलेना.

काहीच आलं नाही.

केरबाने परत ठोकलं. ठक ठक ठक.

आणि आतून आलं,

"चिक्."

"आहे! आहे! आहे!" रेघोटी नाचली.

खट खट. खट खट. चुना पडला भुरभुर भुरभुर. दगड हलला. थोडा हलला. आणखी हलला. निघाला!

आतून एक पांढरं पांढरं नाक बाहेर आलं. पांढऱ्या मिशा आल्या. पांढरी शेपटी आली. इवल्या नखशिखांत चुन्याने माखला होता.

"आंक्छी!" इवल्या शिंकला.

रेघोटीने त्याला घट्ट घट्ट धरलं. "इवल्या, मी हाक मारली. तू बोललाच नाहीस! मला किती भीती वाटली!"

"मी रडून रडून दमलो," इवल्या म्हणाला. "मग झोपलो. मग कुणीतरी ठोकलं." त्याने डोळे चोळले. "ताई, भाकरी?"

रेघोटीने काखेतून तुकडा काढला. सगळा महाल फिरला होता तो तुकडा. चारही मजले आणि तळघर. एक कणसुद्धा कमी झाला नव्हता.

इवल्याने खाल्ला. कुरुम कुरुम.

तेवढ्यात आई आली, तोंडात शेंगा घेऊन. तिने शिडी बघितली. दगड बघितला. पांढरा इवल्या बघितला. तिच्या तोंडातल्या शेंगा खाली पडल्या. तिने दोघांना पोटाशी ओढलं. खूप वेळ सोडलंच नाही.

केरबाने दगडाकडे बघितलं. मग खाली राजाकडे बघितलं. "महाराज, ह्याचं काय करू?"

राजा म्हणाला, "खाली आण तो."

कारभारी म्हणाले, "पण महाराज, महाल पूर्ण झाला, असं मी लिहिलंय!"

राजा म्हणाला, "मग पुढे लिहा, एक भोक सोडून."

कारभाऱ्यांनी तसं लिहिलं. तो दगड राजाने दारात ठेवला. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. गावजेवण झालं. जेवायला बसण्याआधी केरबा प्रत्येक भिंतीपाशी गेला. पहिल्या मजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत. ठक ठक ठक, आत कुणी आहे का? राजा त्याच्या मागे मागे होता, कान लावून. लोकांची पानं वाढून झाली होती. भात गार झाला. पण कुणी कुरकुर केली नाही.

तो महाल अजून आहे. अगदी वर, अगदी टोकाला, एक भोक उघडं आहे. दारात एक दगड आहे. त्यावर बसून दोन खारी शेंगा खातात. कुरुम कुरुम.

आणि आता...

हे पांघरूण कुणाचं? आत गुडुप्प कोण झालंय?

ठक ठक ठक!

आत कुणी असेल तर बाहेर या!

आम्ही वाट बघतोय हं.